क्षेत्र आणि चित्र

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला 'क्षेत्र' आणि त्या शरीराला आतून जाणणाऱ्याला 'क्षेत्रज्ञ' अशी संज्ञा दिली आहे. इ.स. १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत या शब्दाचा विस्तार करताना ज्ञानेश्वरांनी प्रथम एक वाद उभा केला आहे. हे क्षेत्र नेमके कोणाचे, जीवाचे, प्रकृतीचे, संकल्पाचे, स्वभावाचे की काळाचे, असा तो वाद असून त्याची भाषा तत्त्वज्ञाच्या मठातली नसून मालकी आणि कूळ यांच्या हिशेबाची, शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. मराठीत 'क्षेत्र' या शब्दाला आजही निदान तीन अर्थ आहेत: सातबाऱ्यावर नोंदलेले जमिनीचे माप हे क्षेत्र, देवाचे ठिकाण हे क्षेत्र, आणि गीतेच्या परिभाषेत देह हेही क्षेत्र. बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड, ज्याला नगद नारायण महाराजांचे स्थान म्हणून आणि विठ्ठलभक्तीमुळे 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखतात, त्याच्या परिसरातील कोरडवाहू गावांत हे तिन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात भेटतात, कारण तो जमिनीचे क्षेत्र कसतो, एकादशीला गडाचे क्षेत्र चढतो आणि ही दोन्ही कामे ज्याच्या बळावर होतात ते तिसरे क्षेत्र तो अंगावर वागवतो.

या तिसऱ्या क्षेत्राच्या मालकीच्या वादात आता एक नवा दावेदार आला आहे. माणसाच्या मनात स्वतःच्या शरीराचे जे चित्र असते, त्याचे रूप, आकारमान, रंग आणि त्यांविषयीचे समाधान किंवा लाज यांसह, त्याला मानसशास्त्रात 'देहप्रतिमा' म्हणतात. पॉल शिल्डर या व्हिएन्नात घडलेल्या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याआधीपासून ही कल्पना वैद्यकात वावरत होती. देहप्रतिमा ही काही आजची गोष्ट नव्हे. पाण्यात, आरशात, नणंदेच्या टोमण्यात आणि मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या नजरेत ती पूर्वीही घडत होती. परंतु या सगळ्या जुन्या आरशांना मर्यादा होती: टोमणा घरापुरता होता, पाहुणे एक दिवसाचे होते, आणि तुलनेसाठी समोर होती ती फार तर वाडीतली आणि भावकीतली दहावीस शरीरे, ज्यांच्या घामाची आणि दुखण्याखुपण्याचीही सर्वांना माहिती असे.

लिओन फेस्टिंगर याने १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतानुसार, स्वतःला मोजण्याचे वस्तुनिष्ठ माप हाती नसले की माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला मोजतो, आणि शक्यतो आपल्यासारख्यांशीच तुलना करतो. समाजमाध्यमांनी या 'आपल्यासारख्या' शब्दालाच सुरुंग लावला. चित्रपटातील नायिका ही नायिका आहे हे प्रेक्षक मुलीला ठाऊक असते. रीलमधली मुलगी मात्र शेजारच्या तालुक्यातली असते, तिचे आडनाव ओळखीचे असते, तिच्या बोलण्यात बीडचाच हेल असतो, आणि म्हणून तिचा चेहरा 'आपल्यासारखा' ठरून मापाचा दगड बनतो. तो चेहरा प्रत्यक्षात कोणाचाच नसतो. फिल्टर म्हणून जी सोय ओळखली जाते ती चेहऱ्यावरील ठरावीक बिंदू शोधून त्वचा गुळगुळीत करते, रंग उजळवते, डोळे मोठे आणि हनुवटी निमुळती करते. ज्या छायाचित्राला फिल्टर लावलेला नाही तेही खरे असतेच असे नाही. बोरिस पास्कोव्हर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की सुमारे फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने जवळपास ३० टक्क्यांनी वाढलेली दिसते. नाक मोठे असल्याचा जो सल एखादी मुलगी वर्षानुवर्षे बाळगते तो तिच्या नाकाचा नसून हाताच्या लांबीचा असू शकतो.

चित्रांमुळे देहाकडे पाहण्याची रीत किती लवकर बदलते याचे एक उदाहरण पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवरचे आहे. तेथील नाड्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली, आणि अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत असे आढळले की जेथे भरदार शरीर हे मायेच्या घरात वाढल्याचे लक्षण मानले जाई, तेथेच १९९८ पर्यंत खाण्याविषयीच्या विकृत वर्तनाची चिन्हे दाखवणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. ती दूरचित्रवाणी एकतर्फी होती, ती कोणाला बोट दाखवून 'आता तू दाखव' असे म्हणत नव्हती. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केल्या, तेव्हा पाहणारा आणि दिसणारा यांतील भेद खेड्यापाड्यांतही उरला नाही. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलने इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते असे सांगितल्याची नोंद त्यांत होती. कंपनीने या नोंदींचा अर्थ चुकीचा लावला गेल्याचे म्हटले, तरी प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर मिळाले होते, एवढे त्यातून निश्चित होते.

धर्मविचाराने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? सहज सुचणारे, आणि कीर्तनात वारंवार ऐकू येणारे, उत्तर असे की देह नाशवंत आहे, अस्थिमांसाचा गोळा आहे, त्याच्या रूपाचा मोह धरू नये. हे उत्तर खोटे नाही, पण या दुखण्याला ते लागू पडत नाही, उलट अपाय करते. त्याचे कारण नीट पाहिले पाहिजे. वेदान्ताने ज्याला 'देहबुद्धी' म्हटले, म्हणजे 'हा देह म्हणजेच मी' अशी समजूत, तिच्यात देहावर प्रेम असते, अतिरेकी प्रेम असते, आणि वैराग्याचे निरूपण त्या अतिरेकावर उतारा म्हणून दिलेले असते. आजच्या किशोरीची समजूत तशी नाही. 'पडद्यावर दिसते ते चित्र म्हणजे मी, आणि हा देह त्या चित्राची बिघडलेली प्रत' अशी तिची धारणा असते, आणि तिला वेगळे नाव द्यायचे तर 'प्रतिमाबुद्धी' असे द्यावे लागेल. देहबुद्धीत माणूस देहाला चिकटतो, प्रतिमाबुद्धीत तो देहाला टाकतो. जी मुलगी आरशासमोर स्वतःच्या अंगाचा तिरस्कार करते आहे, तिला देह तिरस्करणीय आहे हे पुन्हा सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य ऐकवण्यासारखे आहे. त्यात भर अशी की वैराग्याच्या त्या निरूपणात स्त्रीदेहाचे वर्णन बहुधा पुरुषाच्या मोहाचे कारण म्हणूनच येते, आणि समोर बसलेल्या स्त्रिया ते मुकाट ऐकतात. ही परंपरेची उणीव आहे आणि ती उणीव म्हणूनच स्वीकारली पाहिजे.

देहप्रतिमेची चिंता हे शहरी, सुखवस्तू मनाचे चोचले आहेत, दुष्काळी मुलखात त्यांचे काय काम, असा आक्षेप येथे घेतला जाईल. बीड जिल्ह्याकडे पाहिले तर तो टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली असलेला हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत खाली होता. म्हणजे स्त्रीदेह येथे जन्मण्याआधीच सोनोग्राफीच्या पडद्यावरील चित्रावरून तोलला आणि नाकारला जात होता. याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीला जातात, तेव्हा नवरा आणि बायको या दोन देहांची मिळून एक 'कोयता' अशी गणती होते, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे 'उचल', घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर दंड, पाळी आली तरी मोळी डोक्यावर, अशा व्यवहारात गर्भाशय हे कामातील अडथळा ठरले. राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. उचलीच्या हिशेबात देह परक्याच्या उपयोगाचा ठरतो, रीलच्या हिशेबात तो परक्याच्या नजरेचा ठरतो. आई फडात आणि मुलगी वसतिगृहात किंवा आजीजवळ मोबाइल हाती घेऊन बसलेली असेल, तर त्या दोघींवर आलेली वेळ फार वेगळी नाही, कारण दोघींच्याही क्षेत्राचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढलेला आहे.

नारायणगडाच्या महाराजांचे नाव असलेला 'नगदनारायण' हा शब्द मराठीत रोख पैशासाठीही रूढ आहे. नगद म्हणजे हातातले, ज्याचा व्यवहार आत्ता आणि येथेच पुरा होतो ते. उलट उचल ही उधारी आहे. या अर्थाने पाहता देह नगद आहे, कारण भूक लागली की आत्ता लागते आणि घोटभर पाण्याने तहान आत्ताच भागते. प्रतिमा मात्र सदैव उधारीवर चालते. तिची किंमत दुसऱ्याने पसंतीची खूण केल्यावर ठरते, आणि ती खूण आज मिळाली तरी उद्या पुन्हा मिळवावी लागते. त्या नावाचा इतिहास सांगण्याचा येथे उद्देश नाही. ज्या गावांतील घरे उचलीच्या चक्रात सापडली आहेत त्यांच्या देवस्थानाच्या महाराजांच्या नावात नगद हा शब्द असावा, एवढेच लक्षात घेण्यासारखे आहे.

रंगाचा प्रश्न तर या परंपरेच्या गाभ्यालाच भिडतो. वारकऱ्यांचा देव काळा आहे, 'सावळा' हे त्याचे लाडके विशेषण आहे, आणि मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी कटेवर हात ठेवून विटेवर उभी असलेली ती बसक्या बांध्याची मूर्ती आजच्या कोणत्याही सौंदर्यस्पर्धेच्या मापात बसणार नाही. तरीही ज्या घरांत सावळ्या विठूचे अभंग पहाटे म्हटले जातात त्याच घरांत सुनेसाठी 'गोरी, उंच' अशी अट घातली जाते. १९७५ मध्ये भारतात बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या मलमाने ही अट नळीत भरून विकली. २०२० मध्ये नावातील 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. आता मलम न लावताही फिल्टर क्षणात तेच करून देतो. सावळेपण गाण्यात पूज्य आणि लग्नात वर्ज्य ठेवण्याचा हा दुटप्पीपणा समाजमाध्यमांनी आणलेला नाही. तो घरचाच आहे, आणि त्याविषयी गडावरच्या फडावरून बोलले गेले तर ते मानसोपचाराइतकेच मोलाचे काम होईल.

परंपरेत उपाय आहे तो 'दर्शन' या कल्पनेत. दर्शन म्हणजे नुसते पाहणे नव्हे. देवाने भक्ताला पाहणे हाही त्याचा तितकाच भाग आहे, आणि त्या पाहण्यात मोजमाप नसते. पंढरपुरात मुखदर्शनाची आणि पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी असते, आणि तासन् तास तिष्ठून वारकरी ज्याची वाट पाहतो तो क्षण डोळ्यांचा नसून कपाळाचा आणि तळहाताचा असतो. जनाबाई ही शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो आणि तिच्या केसांतील उवाही काढतो. दासीच्या केसांना हात लावणारा हा देव तिचे केस सुंदर आहेत असे म्हणत नाही, तो ते विंचरून देतो. चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला, आणि विटाळाशिवाय देह कोठे जन्मतो असा प्रश्न देवासमोर मांडून देहाची लाज देहावरून काढून ती लाजवणाऱ्यावर ठेवली. कान्होपात्रेची कथा तर आजच्या काळाला फारच जवळची आहे. मंगळवेढ्याच्या या गणिकेच्या रूपाची कीर्ती बिदरच्या दरबारापर्यंत पोहोचली, आणि तिला न विचारता तिचा देह मागितला गेला. ज्याला आज 'व्हायरल होणे' म्हणतात ते तिच्या वाट्याला पंधराव्या शतकात आले, आणि तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला अशी परंपरेची श्रद्धा आहे. वारकऱ्यांनी तिला संत म्हणून स्वीकारले ते तिच्या रूपासाठी नव्हे, हे सांगायला नको. परंतु तिचे रूप नाकारूनही नव्हे.

बीड जिल्ह्यातीलच अंबाजोगाईला देहाविषयीच्या मराठी विचाराचे माहेरच म्हटले पाहिजे. विवेकसिंधूचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तेथे आहे, आणि तेथीलच दासोपंत (१५५१–१६१५) यांनी चाळीस फुटांच्या आसपास लांबीच्या कापडावर, पासोडीवर, पंचीकरण लिहून ठेवले. पंचीकरण म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून देह कसा बनला याचे विवरण. दासबोधासह या परंपरेतील ग्रंथांत देहाचे पंचवीस विभाग सांगितले जातात: अस्थी, मांस, त्वचा, नाडी आणि रोम ही पृथ्वीची, शुक्र, शोणित, लाळ, मूत्र आणि घाम ही पाण्याची, भूक, तहान, आळस, झोप आणि मैथुन ही तेजाची, हलणे, वळणे, पसरणे, आवळणे आणि रोधणे ही वायूची, आणि काम, क्रोध, शोक, मोह, भय ही आकाशाची. ही यादी शरीरशास्त्र म्हणून वाचण्याचे कारण नाही. तिचे महत्त्व असे की भूक आणि भय यांनाही ती देहच मानते. या पंचवीसांपैकी छायाचित्रात किती उतरतात हे पाहिले, तर त्वचा आणि रोम ही दोन सरळ उतरतात, घाम उतरतो पण फिल्टर तो पुसून टाकतो, आणि मांसाचा केवळ आकार दिसतो. चलनवलन दिसते तेही रीलच्या अर्ध्या मिनिटापुरते. बाकीचा सगळा देह, म्हणजे झोप, तहान, नाडी, शोक, चित्राबाहेरच राहतो. जी मुलगी स्वतःला छायाचित्रावरून ओळखू लागते ती पंचवीसातील दोन-अडीच घटकांना आपण समजून बसते, आणि ज्ञानेश्वरांच्या परिभाषेत बोलायचे तर तिचा क्षेत्रज्ञ स्वतःच्या शेतात पाऊल न ठेवता बांधावरून फक्त त्याचे चित्र न्याहाळत राहतो.

मराठीत जमीन कसतात आणि अंगही कसलेले असते. आळंदीला १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणारे विष्णुबुवा जोग हे तालमीत घडलेले मल्ल होते, आणि त्यांचे शिष्य बंकटस्वामी यांच्यामार्फत जोगांची वारकरी परंपरा बीडच्या मातीत रुजली. नारायणगडावर घडलेले आणि पुढे भगवानगड उभा करणारे भगवानबाबा (१८९६–१९६५) याच परिसरातले. ही परंपरा देहाचा तिरस्कार करणारी आहे असे केवळ निरूपणे ऐकून वाटेल, तिचा आचार पाहिला तर वाटणार नाही. तालमीत लाल माती असते आणि मारुती असतो, त्याउलट आजच्या जिममध्ये भिंतभर आरसा असतो आणि आरशासमोर धरलेला मोबाइल असतो. पिळदार दंडाच्या चित्रापायी भुकट्या आणि इंजेक्शनांच्या वाटेला लागणारी गावोगावची पोरे पाहता हा विकार फक्त मुलींचा आहे असे समजणे चूक ठरेल.

गडही या पडद्यापासून सुटलेले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी नारायणगडावर मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे पाटील यांच्या उपस्थितीत झालेला दसरा मेळावा जितका प्रत्यक्ष झाला तितकाच तो मोबाइलवर झाला, आणि वारीच्या वाटेवर तुळस डोक्यावर घेतलेली बाई आता दिसली की चार कॅमेरे तिच्याकडे वळतात. यात सगळेच वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे, भेगाळलेल्या टाचांचे सौंदर्य त्या चित्रांनी अनेकांना प्रथमच दाखवले, आणि उसाच्या फडातून बाया स्वतः रील करतात तेव्हा त्यांत कष्टाच्या देहाचा अभिमानही असतो. परंतु त्या टाचा चालून भेगाळल्या आहेत हे चालणारीलाच कळते, आणि चित्र पाहणाऱ्याला ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

वारीत विसाव्याच्या ठिकाणी बाया फुगडी धरतात. दोघी एकमेकींचे हात घट्ट पकडतात, पाय जवळ रोवतात, अंग मागे झोकून देतात आणि फिरू लागतात. फिरण्याचा वेग वाढला की माळ, झाडे, दिंडीची पताका हे सगळे धूसर होत जाते, आणि स्वतःचे रूप तर कोणालाच दिसत नाही. स्थिर दिसतो तो फक्त समोरचीचा चेहरा. सासू आणि सून, साठीतली आणि सोळाची, थोराड आणि किडकिडीत अशा कशाही जोड्या जमतात. एकीने आपले वजन राखून ठेवले तर दुसरी पडते, म्हणून दोघींनाही आपले सगळे वजन हातांत सोडून द्यावे लागते.